वेलाला टेकू कोणाचा?

श्रावणात कोकणातल्या किंवा मावळातल्या एखाद्या आठवडी बाजारात फेरी मारली की बऱ्याचशा टोपल्या वेलांवरून उतरलेल्या दिसतात. पडवळ, दोडकी, घोसाळी, कारली, तोंडली, दुध्या, हातभर लांबीची तवशी, पिकून तडकलेले चिबूड, घेवड्याच्या शेंगा, मायाळूच्या जुड्या. कडेला एखादी ठाकर बाई कर्टोल्यांचे वाटे लावून बसलेली, आणि बाजाराच्या तोंडाशी पानवाला. या सगळ्यांना आपण एका दमात वेलाच्या भाज्या म्हणून मोकळे होतो, पण त्यांचं आपसात नातं फारच थोडं. दुध्या, कारलं, काकडी एका कुळातली. घेवडा कडधान्यांच्या घरचा. विड्याचं पान आणि मिरी जवळची भावंडं, पण भोपळ्याशी त्यांचा काही संबंध नाही. कणगी, करांदे, कोनफळ ही मंडळी आणखी वेगळ्याच घरची. वेल होण्याची युक्ती निरनिराळ्या कुळांनी आपापली शोधून काढली आहे.

युक्ती सोपी आहे: खोड पोसायचं नाही. झाड आपल्या कमाईतला मोठा वाटा लाकडात घालतं. वेल तो वाचवतो आणि पानाफुलांत, फळांत घालतो. म्हणून तर बी टाकल्यापासून दीड-दोन महिन्यांत काकडी हाताशी येते आणि दुध्या बघता बघता मांडव व्यापतो. पण वाचवलेल्या लाकडाचा खर्च कुणाला तरी करावाच लागतो. रानात तो शेजारचं झाड करतं, परसात कूड किंवा कौलं करतात, शेतात शेतकरी करतो. वेलभाज्यांवरच्या पुस्तिका जाती, खतमात्रा आणि कीड-रोगांनी भरलेल्या असतात, मांडवाचा मजकूर एका परिच्छेदात आटोपलेला असतो. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. कुठला वेल शेतात आला, कुठला परसातच राहिला आणि कुठला रानाबाहेर पडलाच नाही, हे बहुतांशी टेकूवर ठरलेलं आहे.

आधी वेल चढतो कसा ते पाहू, कारण टेकू कुठला चालेल हे त्यावरच अवलंबून असतं. चार्ल्स डार्विनने आजारपणात खोलीत ठेवलेल्या वेलांच्या हालचाली टिपल्या आणि १८६५ मध्ये चढणाऱ्या वनस्पतींवर दीर्घ निबंध लिहिला. १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. काकडीचा तणावा आजही कुणालाही परसात पाहता येतो. कोवळा असताना तो हवेत संथपणे फेऱ्या घालतो. काडी, सुतळी, तार काहीही लागलं की टोकाने विळखा घालतो. खरी गंमत त्यानंतरची. आता एक टोक वेलाला आणि दुसरं काडीला बांधलेलं, अशा स्थितीत मधला भाग वळायला लागतो. सगळा एकाच दिशेने वळला तर पीळ बसून तुटेल. म्हणून अर्धा तणावा एका बाजूला वळतो, अर्धा उलट्या बाजूला, आणि मध्ये एक लहानसा सरळ तुकडा राहतो. २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की तणाव्याच्या पोटात ताठर पेशींची एक फीत असते. ती एका बाजूने अधिक आखडते, त्यामुळे हा पीळ पडतो. जून तणावा हलक्या ओढीला सैल देतो आणि जोराच्या ओढीला उलट अधिक घट्ट होतो. वाऱ्यात काकडीचा वेल हेलकावतो पण सुटत नाही, तो यामुळे.

घेवडा, मायाळू, कणगी यांना तणावे नसतात, ते अंगानेच काठीला गुंडाळत वर जातात. कोनफळ आणि करांदा हे एकाच वंशातले कंद, पण त्यांचे वेल परस्परांच्या उलट दिशेने वळतात आणि ओळख पटवताना वनस्पतिशास्त्रज्ञ ही खूण वापरतात. मिरी, नागवेल, व्हॅनिला यांची तिसरी तऱ्हा: पेरापेराला मुळं फुटतात आणि ती सालीला चिकटतात. तेव्हा तणाव्याला बारीक आधार हवा, जाड बुंधा त्याच्या कवेत मावत नाही. गुंडाळणाऱ्याला उभी काठी हवी. चिकटणाऱ्याला खरबरीत, दमट साल हवी, तारेचा त्याला काही उपयोग नाही.

टेकूतला सगळ्यांत स्वस्त प्रकार म्हणजे टेकू न देणं. कलिंगड, खरबूज, लाल भोपळा, रताळं ही जमिनीवर लोळणारी मंडळी. कलिंगड मूळचं ईशान्य आफ्रिकेतलं. सुदानमधलं कोर्दोफान कलिंगड हे आपल्या गोड कलिंगडाचं सर्वांत जवळचं नातलग असल्याचं २०२१ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे ते नदीच्या पात्रात रमलं. पाणी ओसरलं की वाळूत खड्डे करायचे, शेणखत भरायचं आणि बी टोकायचं. वाळू कोरडी राहायची, त्यामुळे फळ खालून कुजायचं नाही, आणि खालचा ओलावा मुळांना पुरायचा. धरणं झाली, वाळूचे उपसे झाले आणि त्या वाड्या आक्रसत गेल्या. आता कलिंगड गादीवाफ्यावर, ठिबकवर आणि मल्चिंग पेपरवर घेतात. वाळू करायची ते काम प्लॅस्टिकचा कागद करतो. फरक एवढाच की वाळू फुकट होती.

लाल भोपळ्याचं घर अमेरिका. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तिथे मिळालेल्या भोपळवर्गातल्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे त्या भागात मक्याच्याही आधी भोपळा माणसाळला. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात लावायची पद्धत बसवली. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून तण दाबतात, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात. टेकूसाठी दमडी खर्च नाही आणि टेकूसुद्धा खायचा. पोर्तुगीजांच्या मागोमाग यातलं बरंच काही आपल्याकडे आलं आणि इतकं मुरलं की आता त्याच्या परकेपणाचा कुणाला पत्ता नाही. लाल भोपळा श्राद्धाच्या पानात बसला. रताळं तर उपासाला चालतं, तेही वेलच आणि तेही अमेरिकेचं. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा हे उरलेले साथीदारही तिकडचेच, तेव्हा आपल्या एकादशीच्या ताटात मूळचं फारसं काही उरत नाही. श्रावण घेवडाही अमेरिकन, राजम्याचा सख्खा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा त्याच जातकुळीतला. वाल, पावटा आणि परसातला जुना घेवडा मात्र वेगळे आणि आपले जुने सोबती, तिघेही एकाच प्रजातीचे.

परसातला वेल हा खरा बायकांचा कारभार. जागा कुंपणाची, पाणी मोरीचं, टेकू घराचा. आढ्यावर दुध्या, कुडावर घेवडा, गोठ्याच्या छपरावर कोहळा. मांडव घालायचाच तर चार मेढी, आडवे बांबू आणि वर शिरडं पसरायचं. पाऊस संपला की त्याचंच सरपण. अशा मांडवावर पडवळ वाकडं व्हायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात आणि दोन दिवसांत ते ओळंब्यासारखं सरळ लोंबायला लागतं. या कारभारात पैशाची उलाढाल नव्हती, त्यामुळे त्याची मोजदादही झाली नाही. पण बियाणं टिकलं ते इथेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याच्या गावठी वाणांना मोठी जागा आहे: रंगाने, आकाराने, शेंगेच्या कोवळेपणाने एकमेकांहून वेगळे. यातले बरेच वाण उंच चढतात आणि महिनोन्महिने थोडे थोडे देत राहतात. घरच्या कढईला ते सोयीचं, व्यापाऱ्याच्या गाडीला गैरसोयीचं. बाजाराला एकदम तोडा देणारं बुटकं झुडूप हवं असतं, आणि टेकू लागत नाही म्हणून शेतकऱ्यालाही ते परवडतं. गावठी घेवडा मागे पडण्याचं हेच मोठं कारण, चवीत तो कमी पडला म्हणून काही नव्हे.

कोकण-गोव्यात परसातल्या वेलांचा हंगाम गणपतीच्या आगेमागे येतो. गोव्यात मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळं, फुलं, भाज्या बांधतात ती माटोळी. तिच्यात काकडी, दोडकी, कोहळा, चिबूड आणि रानातल्या वेलांची कितीतरी फळं लोंबतात. पावसाळी तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं यांची तवसळी याच दिवसांतली. चिबूड दुसऱ्या दिवशीवर ठेवायचं फळ नव्हे. पिकलं की अंगभर तडकतं, वास घरभर होतो, आणि ते गूळ, नारळाचा रस आणि पोह्यांबरोबर तेव्हाच संपवावं लागतं. लांबच्या बाजारात ते फारसं दिसत नाही, त्याचं कारण हेच.

तिसरा टेकू जिवंत झाडाचा. सांगली जिल्ह्यात मिरजेच्या आसपासच्या पानमळ्यांत नागवेल शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशा झाडांवर चढवतात. ही झाडं भरभर वाढतात, सावली विरळ देतात आणि छाटणी सोसतात. वेल वर्षभरात शेंड्याला टेकला की पानं लहान पडायला लागतात, मग उतरण करतात: वेल झाडापासून सोडवून खाली घ्यायचा, पानं काढून झालेलं उघडं खोड बुंध्याशी गुंडाळी करून मातीआड करायचं आणि शेंडा पुन्हा वर बांधायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, वेल नव्याने सुरुवात करतो. हे कसबी माणसाचंच काम. खोड पिचलं तर वेल जातो, आणि असे उतरणीचे कारागीर आता मिळेनासे झालेत.

गोव्यातलं कुळागर याच विचाराचं मोठं रूप. फोंडा तालुक्यात पाटाच्या पाण्यावर सुपारी उभी असते, तिच्या खोडावर मिरी चढलेली असते, खाली केळी, वेलदोडा, अननस. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावायची लाखी बाग सुचवली, तिचंही गणित हेच. टेकू स्वतः कमावतो. तारेचा मांडव दरवर्षी जुना होतो, सुपारी दरवर्षी पीक देते. कोकणात वेल लावायचा तर याहून शहाणा मार्ग मला दिसत नाही, अर्थात झाड मोठं होईपर्यंत पाच-सात वर्षं थांबायची तयारी हवी आणि मिरी काढायला शिडीवर चढणारा माणूस हवा. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड.

रानातल्या वेलांना टेकूचा प्रश्नच नाही, तिथे प्रश्न आहे तो रानाचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतल्या कंदातून कर्टोलीचा वेल उगवतो, झुडपांवर चढतो, आषाढ-श्रावणात फळतो आणि हिवाळ्यात पुन्हा कंदात जाऊन निजतो. नर आणि मादी वेल वेगळे असतात, बियांवरून ते ओळखू येत नाहीत, फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. रानातून गोळा करताना हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. अलीकडे भाव पाहून शेतकरी कर्टोली मांडवावर आणू लागले, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. बी लावलं की निम्मा मांडव नरांचा निघायचा. आता मादी वेलांचे कंद लावतात, आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात आणि फळधारणा कमी वाटली तर नर फूल मादी फुलावर हाताने टेकवत फिरतात. तोंडली, परवर यांचंही नर-मादी असंच वेगळं. तोंडलीचे मादी वेलाचे फाटे लावायची रीत पूर्वीच रुळल्याने तिथे ही अडचण जाणवत नाही.

चाईच्या वेलाचा मोहर हीसुद्धा पावसाळी रानभाजीच. करांद्याची गोष्ट वेगळी, तो वेलावर पानांच्या बगलेत बटाट्यासारखा लागतो आणि रानटी असेल तर चांगलाच कडू, कधी विषारीही. सह्याद्रीतले ठाकर, कातकरी तो चिरून राखेच्या पाण्यात उकळतात, धुतात, मग खातात. रानभाजी महोत्सवांत अशा कंदांचे फोटो झळकतात आणि ही मधली पायरी गाळली जाते, ते धोक्याचं आहे. गुळवेलीचंही तसंच. पाल्याची भाजी जुनी, पण कोरोनाच्या काळात लोकांनी काढे पिण्याचा सपाटा लावला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, रोज पेलाभर काढा म्हणजे भाजी नव्हे.

कडूपणाचा विषय निघालाच आहे तर दुध्याचंही सांगायला हवं. भोपळ्याच्या कुळाला ना लाकडाचं कवच ना काट्यांचं, त्यांचा बचाव कुकुर्बिटॅसिन या कडू रसायनांवर. माणसाने हजारो वर्षं गोड फळं निवडून हा गुण जवळपास घालवला, पण एखाद्या वेलाला तो परत येतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शासकीय अधिकाऱ्याचा कडू दुध्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या विषयाचा अभ्यास केला. निष्कर्ष आजीने सांगितल्यासारखाच होता: चिरल्यावर तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या. भाजी कडू लागली तर आपण पान बाजूला सारतो, औषध म्हणून घेतलेला रस मात्र डोळे मिटून पिऊन टाकतो, घात तिथे होतो. कारल्याचा कडूपणा निराळ्या संयुगांचा, त्याला हा नियम लागू नाही. आणि मिरजेच्या तानपुऱ्याला लागतो तो जाड सालीचा भोपळा मुळातच कडू. भीमाकाठी तो खास पिकवतात, आणि खायचा नसल्याने त्याचा कडूपणा कुणाला नडत नाही.

आता विकतच्या टेकूकडे येऊ, कारण आज शहरांना जाणारं दोडकं-कारलं बहुतेक त्याच्यावरच पिकतं. पद्धती दोन. ताटीत डांब उभे करून त्यांवर तारा आडव्या ओढतात, वेल भिंतीसारखा उभा राहतो. काकडीला हे पुरतं. मंडपात माणसाच्या डोक्यावर तारांचं जाळं असतं. कडेचे डांब बाहेरच्या बाजूला कलते रोवून त्यांना ताण देतात, कारण सगळा भार शेवटी कडेला येतो. रोपाजवळून सुतळी वर नेऊन वेल तिच्यावर चढवतात. वेल मंडपाला पोहोचेपर्यंत खालच्या बगलफुटी आणि तणावे काढत राहायचं, वर गेला की शेंडा खुडायचा, मग तो आडवा फुटतो. फळं खाली लोंबतात, सरळ वाढतात, मातीचा डाग लागत नाही, हवा खेळती राहिल्याने केवडा आणि भुरी हे रोग आटोक्यात राहतात, तोडा उभ्याने होतो. जमिनीवरचं कारलं आणि मंडपातलं कारलं यांच्या भावातला फरक मार्केट यार्डात नजरेनेच कळतो. राहुरीच्या ‘हिरकणी’ किंवा दापोलीच्या ‘कोकण तारा’सारख्या जाती चांगल्या आहेतच, पण त्याच बियाण्याला मंडप मिळाला की नाही यावर मालाची प्रत ठरते. आणि मंडपाला भांडवल लागतं. परसातल्या बाईचं पीक शेतातल्या पुरुषाचं झालं, ते याच टप्प्यावर.

तार आली तरी काही गोष्टी विकत मिळत नाहीत. या वेलांच्या फुलांत नर-मादी वेगळी असतात, परागण मधमाशांनी किंवा पतंगांनी करायचं. कारलं, काकडी सकाळी फुलतात, दुध्या आणि पडवळ संध्याकाळी, दोडक्याची पिवळी फुलं उतरत्या उन्हात उघडतात. फवारणी चुकीच्या वेळी झाली की मादी फुलं पिवळी पडून गळतात आणि शेतकरी दोष खताला देतो. काकडीवर सकाळी फवारू नये, दुध्यावर संध्याकाळी. एकाच मंडपावर दोन्ही असतील तर वेळ साधणं कठीण, म्हणून मिश्र मंडपाचा सल्ला देणाऱ्यांनी आधी घड्याळाकडे पाहावं. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, फळ तिथे वाकडं होतं आणि सडतं. तिच्यावर औषधापेक्षा क्यू ल्यूरचे सापळे कामी येतात, पण ते एकट्याच्या शेतात लावून भागत नाही, शेजाऱ्यानेही लावावे लागतात.

टेकूचं शास्त्र सर्वांत पुढे नेलं ते द्राक्षाने. जुन्या नाशिकमध्ये भोकरी, फकडी या द्राक्षांचे वेल पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवत. पुढे बियांविना थॉमसन आलं, त्यातून तास-ए-गणेश, सोनाका यांसारखे वाण महाराष्ट्रातल्या बागायतदारांनीच निवडले, आणि मांडव, वाय, टेलिफोन अशा रचना होत गेल्या. देशातलं दोन तृतीयांशाहून अधिक द्राक्ष आज महाराष्ट्रात पिकतं. हे खरं तर थंडीत पानं झडून झोपणारं झाड, आपल्याकडे त्याला झोप नाही. ती झोप कात्रीने आणावी लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी फळासाठी.

या दोन छाटण्यांच्या मध्ये जे घडतं ते द्राक्षशेतीचं मर्म. द्राक्षात तणावा आणि घड हे मुळात एकच अवयव. डोळ्याच्या आत एक अंकुर तयार होतो, त्याचा घड व्हायचा की बाळी, म्हणजे तणावा, हे संजीवकांचं संतुलन ठरवतं: जिबरेलिन वरचढ झालं तर बाळी, सायटोकायनिन वरचढ झालं तर घड. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत हा निवाडा होतो. ऊन चांगलं, वाढ आटोक्यात, तर घड. ढगाळ हवा, नत्र जास्त, पानांचा पसारा दाट, तर वेल फळायचं सोडून चढायचं ठरवतो. ऑक्टोबरमध्ये फूट निघते आणि बागायतदार म्हणतो, घड जिरले. म्हणून तो एप्रिलनंतर वाढ दाबण्यासाठी औषधं मारतो. त्यांतल्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्याने २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली आणि पुष्कळ बागा कर्जात गेल्या. वेलाला वर जाण्यापासून रोखून फळाकडे वळवायचं, एवढ्याच एका गोष्टीवर कोट्यवधींचा व्यवहार उभा आहे. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तर पुढच्या वर्षीचा माल त्या पावसातच जातो, आणि हे कळतं पाच महिन्यांनी.

द्राक्षाचं मूळही आता उसनं आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे बसवले, तेव्हा युरोपने अमेरिकन खुंटावर कलम करून ते सावरले. आपल्याकडे अमेरिकन डॉगरिज खुंट आला तो दुष्काळ आणि क्षार यांच्यासाठी. खाली परकं मूळ, वर लोखंडी अँगल आणि तार, मध्ये थोडासा द्राक्षाचा वेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने या रचनेची दुसरी बाजू दाखवली. जंगलात वाऱ्याने एक झाड पडतं, मांडव पडला की सगळा एकर एकदम खाली येतो, कारण प्रत्येक तार दुसरीला बांधलेली असते. प्लॅस्टिकच्या आच्छादनाची चर्चा तेव्हापासून वाढली, आच्छादनाचा खर्च मात्र मांडवाच्या वर.

नवे वेलही येत आहेत. ड्रॅगन फ्रूट हे मध्य अमेरिकेतलं चढणारं निवडुंग. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला कमलम म्हटलं, सांगली-सोलापूरकडे ते सिमेंटच्या खांबावर आणि वरच्या कड्यावर उभं आहे. दुष्काळी भागाला ते मानवलेलं दिसतं. व्हॅनिलाचा अनुभव मात्र कडवट. रियुनियन बेटावर १८४१ मध्ये एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलाचं हाताने परागण करायची रीत शोधली, आजही प्रत्येक फूल तसंच फळवावं लागतं. २००० नंतर भाव गगनाला भिडले म्हणून केरळ-कर्नाटकात लोकांनी लागवडी केल्या, चार-पाच वर्षांत भाव कोसळले, वेल उपटले गेले. ज्या झाडांवर तो चढवला होता ती मिरीच्या कामी आली.

हाच हिशेब नाशिक-सांगलीकडच्या काही बागायतदारांनी तारेच्या मांडवाला लावला आहे. द्राक्ष परवडेनासं झालं की वेल बुडातून तोडतात, मांडव मात्र ठेवतात, आणि त्याच तारांवर कारलं, दोडका, दुध्या सोडतात. टोमॅटोसाठी उभ्या केलेल्या बांबू-तारेवर पीक निघाल्यावर कारलं किंवा घेवडा घ्यायची रीत तर आता सर्रास आहे. यात पाहायच्या गोष्टी तीन. द्राक्षाच्या तारा वेलभाजीला लांब लांब पडतात, मधे सुतळी किंवा जाळी विणावी लागते. दुध्याचं ओझं कारल्यापेक्षा बरंच जास्त, जुने गंजलेले ताण आधी बदलून घ्यावेत. आणि द्राक्षाच्या जमिनीत तणनाशकाचे अंश असतील तर काकडीवर्गाची कोवळी रोपं ते सोसत नाहीत, म्हणून पहिल्या हंगामाआधी दोन-चार रोपं लावून पाहावीत आणि मगच सगळा मांडव भरावा.